नुसती हळद

धाराशिवात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या बाया हातातलं टाकून पाइप धरून उभ्या राहतात. टाकी भरेपर्यंत पायाला जागा सोडता येत नाही, तोंडाला मात्र पूर्ण सुट्टी. माझ्या आणि शेजारच्या अक्कांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर त्यांच्या वाळवणाच्या परातीपेक्षा आमची कोपरं जास्त टेकलेली असतात.

मे महिन्यातल्या अशाच एका पाण्याच्या दिवशी मी विचारलं, "अक्का, गाडी झाकून का ठेवलीय वो?"

"ऊन लागतंय की बाई."

गाडी उभी होती लिंबाच्या गार सावलीत. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली मी. घरचा अभ्यास न केलेलं पोर कसं बोलतं ते मला कळतं. शिवाय हीच गाडी अक्षय तृतीयेला आली तेव्हा गल्लीभर गुलाबजाम वाटले होते. नवी कोरी नव्हे, जुनीच, पण घरातली पहिली चारचाकी. अक्कांचा थोरला आठवडाभर रोज संध्याकाळी ती फडक्यानं पुसायचा. पुसणारा हात थांबला आणि वर ताडपत्री आली, म्हणजे मधे काहीतरी घडलं होतं.

मी पुढं काही बोलले नाही, नुसती पाइप धरून उभी राहिले. अक्कांची अर्धी टाकी भरली आणि त्या फुटल्या.

"फसलं वो लेकरू. तीन आठवडं झालं, घराच्या बाहेर शब्द काढला न्हाई. लोकं हसतेल म्हनून."

माझं मत आहे की जुन्या गाडीच्या धंद्यातला निम्मा नफा या 'लोकं हसतेल'वर चालतो. चोरी झाली तर माणूस ओरडतो, फसला तर दार लावून घेतो. आणि त्या दाराआड जे दिवस जातात ते सगळे डीलरच्या खात्यावर जमा होतात.

झालं होतं असं. पोराच्या मेव्हण्याच्या ओळखीचा एक डीलर पुण्याकडं. त्यानं मोबाइलवर फोटो पाठवले आणि खाली लिहिलं: पहिला मालक, ओरिजिनल किलोमीटर, ॲक्सिडेंट नाही. मीटरवर अठ्ठेचाळीस हजार. किंमत चार लाख दहा हजार. त्यातले चाळीस हजार इसार म्हणून रोख, बाकीचे तीन लाख सत्तर हजार पतसंस्थेचं कर्ज काढून बँकेतून डीलरच्या खात्यावर. बिल मागितलं तर तो म्हणाला, "बिल केलं की सगळ्या किमतीवर जीएसटी बसतो, तुमचंच नुकसान." पोरानं मान डोलावली. खरं तर जुन्या गाडीवर डीलरनं भरायचा जीएसटी त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो, अठरा टक्के. सगळ्या किमतीवर नाही. पण शोरूममध्ये एसीत बसून थंड पाण्याची बाटली हातात आली की आपल्याकडचा माणूस मान डोलावतोच.

मग सोलापूरला लग्न. सगळे गाडीतून गेले, जाताना काही नाही. येताना तुळजापूरच्या घाटात चढणीला काटा लाल झाला, मागून पांढरा धूर, आणि पुढचं झाकण उघडलं तर वाफेचा लोट. नवी साडी नेसलेल्या अक्का घाटात दगडावर दोन तास बसल्या. शेवटी एका टेंपोनं टोचन करून गाडी गावात आणली.

मिस्त्रीनं हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलं. मग रेडिएटर सोडवला आणि हसत सुटला. बादलीत काढलेलं पाणी पिवळंधम्मक.

"हळद टाकलीय वो बाई, हळद!" अक्का भिंतीवर हात आपटून म्हणाल्या. "गळती थांबावी म्हनून. नवरीला लावतेत तशी गाडीला हळद लावून आमच्या गळ्यात मारली!"

ट्रकवाले वाटेत अडले की हा उपाय करतात, हे मी ऐकून होते. हळद फुगते आणि बारीक छिद्र बुजवते, पुढचं गॅरेज येईपर्यंत. विकायच्या गाडीत घालायची ती वस्तू नव्हे.

मिस्त्रीनं अजून दाखवलं. ब्रेकच्या पायटीचं रबर पार गुळगुळीत. अठ्ठेचाळीस हजारांत ते तसं होत नाही. स्टेअरिंगला नवं कव्हर होतं, ते सोलल्यावर खालचं कातडं सोललेलं. एका बाजूच्या काचांवर बनावटीचं एक साल, दुसऱ्या बाजूच्या एका काचेवर दुसरंच. म्हणजे काच बदललेली, म्हणजे ठोकर. आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन जुना हिशेब काढला तर दोन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगला मीटर एक लाख बारा हजारावर. दोन वर्षं धावून गाडीचं वय कमी झालं होतं. तसं होत असतं तर आम्हीही त्या डीलरकडं गेलो असतो.

"मालक तरी पहिला होता का?" मी विचारलं.

"तिसरा! आरसीवर लिवलंय की ते. पण वाचलं कुनी? रंग बघत बसले सगळे."

त्या दिवशी पाणी गेलं तरी आम्ही हललो नाही. मीच म्हणाले की मागच्या गल्लीतल्या पेशकारकाकांना हाक मारू. काका तहसीलमधून निवृत्त होऊन जमाना झाला. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्या वेळचे शब्द काकांच्या तोंडून अजून गेले नाहीत. ते पावतीला रसीदच म्हणतात. आले, ताडपत्री वर करून गाडीकडं न बघताच म्हणाले, "गाडी बघून मला काय कळनार? कागद दाखवा."

कागद म्हणजे एक डिलिव्हरी नोट. खाली छापलेलं: गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली, नंतर कसलीही तक्रार चालणार नाही. खाली पोराची सही. डीलर फोनवर याच ओळीवर नाचत होता. पहिल्या फोनला म्हणाला, पाठवा गाडी, बघून घेऊ. दुसऱ्याला साहेब बाहेरगावी. तिसऱ्याला, तुमची सही आहे. चौथ्याला, "कोर्टात जायचं तर या पुण्याला."

काकांनी चष्मा पुसला. "जशी हाय तशी म्हंजे कशी, ते आधी खरं सांगायला पायजे ना? मीटर मागं फिरवून 'जशी हाय तशी' म्हनता येत न्हाई. त्यानं मोबाइलवर काय लिवून पाठवलं व्हतं, ते काढा."

इथं सगळे गप्प. कारण पोरानं रागाच्या भरात डीलरचं सगळं संभाषण पुसून टाकलं होतं.

मी डोक्याला हात लावला. पण माणसाचा बडेजावही कधी कधी कामाला येतो. गाडी ठरली त्या रात्री पोरानं तोच मजकूर, फोटोंसकट, लातूरच्या साडूला पुढं ढकलला होता, "बघा काय माल मारला" म्हणून. साडूनं तो जपून ठेवला होता. का, ते विचारू नका; साडू-साडूंचं नातं तुम्हाला माहीत आहे. 'पहिला मालक, ओरिजिनल किलोमीटर' तारखेसकट परत आलं.

तेवढ्यात पोराचा एक मित्र सल्ला देऊन गेला की डीलरला सोड, गाडी बनवणाऱ्या कंपनीलाच खेच, मोठा मासा आहे. पोराला ते पटलं होतं. काकांना नाही पटलं, आणि मलाही गोव्याचा एक निकाल वाचलेला आठवत होता. तिथल्या एका गिऱ्हाइकानं २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि हातात आली २००९ ची गाडी. ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, चारी रिमवर ओरखडे. नवी म्हणून विकलेली, बरं का! जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत तो जिंकत गेला, कंपनी आणि डीलर दोघांवर जबाबदारी. मग ती कंपनी, टाटा मोटर्स, सुप्रीम कोर्टात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ ला कोर्टानं कंपनीला मोकळं केलं. डीलर कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि स्वतःच्या नावानं विकतो. त्यानं गिऱ्हाइकाशी केलेल्या लबाडीत कंपनी सामील होती, हे दाखवायला पुरावा नव्हता. अडकला तो डीलर. नव्या गाडीत ही गत, तर तिसऱ्या मालकाच्या गाडीचा मीटर कुणी फिरवला याचं कंपनीला काय?

"ज्याच्या खात्यावर पैसे गेले त्याची शेपटी धरा," काका म्हणाले. बँकेची नोंद होतीच. पतसंस्थेच्या कर्जाला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी चांगलं म्हटलं.

आणि मग काकांनी विचारलं, "त्या चाळीस हजाराची रसीद?"

अक्का आत चहा टाकायला गेल्या.

नोटीस मी लिहिली. वकील लावायला पैसे नव्हते आणि तो लागतोच असंही नाही. ग्राहक आयोगात आपली तक्रार आपण मांडू शकतो. पोराचा पहिला मसुदा दीड पानी शिव्यांचा होता. मी लाल पेन घेऊन बसले. कधी, किती, कशानं दिले; काय सांगितलं होतं; काय निघालं; कोणाकडं तपासलं. आणि शेवटी मागणी: पैसे परत, व्याज, टोचनाचा खर्च, पंधरा दिवसांत. एवढंच. मिस्त्रीचं तोंडी मत कामाचं नाही म्हणून सर्व्हिस सेंटरकडून जॉबकार्ड आणि लेखी अहवाल घेतला. गाडी दुरुस्त करून टाकू, असं अक्कांचे यजमान म्हणत होते, त्यांना थांबवलं. दोष उघडून, बदलून टाकल्यावर तो होता हे कुणाला दाखवणार? आयोगाला गरज वाटली तर वस्तू तज्ज्ञांकडं तपासायला पाठवता येते, पण त्यासाठी ती आहे तशी राहिली पाहिजे. म्हणून ताडपत्री. पुन्हा पडली, या वेळी शरमेनं नव्हे.

रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. मधे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. डीलरकडून काही मिळालं नाही. पंधरा दिवस गेले.

आता त्या 'या पुण्याला'ची गोष्ट. डीलरचा सगळा हिशेब या अडीचशे किलोमीटरवर होता. शेतकऱ्याचं पोर, खुरपणीचे दिवस, दर तारखेला एसटीनं पुण्याला कोण जातंय? जुन्या, १९८६ च्या कायद्यात त्याचं म्हणणं बरंचसं खरंही ठरलं असतं. पण २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला आणि त्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार घेता येईल, असं करून ठेवलं. म्हणजे पुण्याच्या डीलरनं धाराशिवला यायचं. हे मी अक्कांना भिंतीवरून सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पाइप टाकीतून निघून अंगणात पडला. "त्यानं इकडं यायचं?" दोनदा विचारलं त्यांनी. मला वाटतं, पैसे परत मिळाले त्या दिवसापेक्षा त्या जास्त खुश त्या दिवशी झाल्या.

फीबद्दल विचाराल तर, घेतलेल्या वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार जिल्ह्यातच चालते. मुदत दोन वर्षांची. अर्ज ऑनलाइनही करता येतो. पोरानं मोबाइलवर तासभर झटापट केली आणि शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं अर्ध्या तासात करून दिला. एक खाचखळगा मात्र होता. पोरानं डीलरला कधीतरी लिहिलं होतं, "अधूनमधून भाडं पण मारीन." धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा घेणारा ग्राहक धरत नाहीत. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर धरतात, असं कायद्यातच आहे. आम्ही ते लपवलं नाही, सरळ अर्जात लिहून टाकलं. पोरगं घाबरलं होतं. मी म्हटलं, खोटं डीलरनं लिहिलंय, आपण कशाला?

आणि दुसरी एक गोष्ट, जी गाडी शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून घेणाऱ्यांनी ऐकून ठेवावी. आयोगात ओढायचा तो धंदा करणारा. एखाद्या मास्तरानं स्वतःची एक गाडी विकली तर तो काही व्यापारी होत नाही. तिथं रस्ता दिवाणी कोर्टाचा, आणि तो लांबचा. डीलरकडून घेतली हे बरंच झालं म्हणायचं. शिवाय २०२३ च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचा नियम आला आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तसं कळवायचंही. आमच्या या डीलरकडं ते पत्र आहे का, असा एक प्रश्न काकांनी नोटिशीत हळूच घातला होता. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

आयोगाची नोटीस त्याच्या हातात पडली आणि फोनवरचा आवाज बदलला. आधी पोराला 'अरे ऐक' म्हणणारा आता 'साहेब' म्हणायला लागला. उत्तर द्यायला तीस दिवस असतात, फार तर वर पंधरा. तो विसाव्या दिवसाला बोलला. आधी म्हणाला, इंजिनाचं काम निम्म्या-निम्म्यात करू. मग म्हणाला, दुसरी गाडी घेऊन जा, माझ्याकडं एक मस्त आलीय. पोराचे डोळे क्षणभर लकाकले, खोटं कशाला सांगू! अक्कांनी त्याच्याकडं असं बघितलं की लकाकी विझली.

शेवटी ठरलं ते असं. तीन लाख सत्तर हजार पूर्ण, वर टोचन-तपासणीचे आणि त्रासाचे मिळून पंधरा हजार. रोख चाळीस हजार? "कसले चाळीस हजार?" डीलर म्हणाला. व्याज सोडलं. आयोगात लढलो असतो तर अजून मिळालं असतं का? कदाचित. काका लढायच्या मताचे होते. पण पतसंस्थेचा हप्ता महिन्याच्या महिन्याला उंबऱ्यात येऊन बसत होता, आणि समोरच्याला हरल्यावर वर राज्य आयोगात जाता येतं. त्या घरानं घेतलेला निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चाळीस हजारांचा विषय निघाला की अक्का अजूनही चहा टाकायला जातात.

पैसे द्यायची पद्धत काकांनी ठरवली, आणि तिथं ते तसूभर हलले नाहीत. आधी पैसे खात्यावर, मग चावी. गाडी दिल्याची रसीद, तारीख आणि वेळेसकट, कारण उद्या तिनं सिग्नल तोडला तर चलन पोराच्या मोबाइलवर येणार. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, पण कोऱ्या फॉर्मवर नाही. घेणाऱ्याचं नाव भरलेल्या फॉर्मवर. आणि आरसीवरचं पोराचं नाव निघाल्याशिवाय तक्रार मागं घ्यायची नाही, मगच तडजोडीची पुरसीस, म्हणजे आयोगाला तसं लेखी निवेदन. डीलर कुरकुरला, "एवढा अविश्वास?" काकांनी त्याला २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला, गाडी चार हातांतून पुढं गेलेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच; अपघात झाला आणि भरपाई त्या आरसीवाल्याच्या गळ्यात पडली. "चार हातांचं सोडा," काका म्हणाले, "तुमचा एकच हात आम्हाला पुरला."

दसऱ्याच्या आधी, घटस्थापनेला दोन दिवस असताना, डीलरचा माणूस गाडी न्यायला आला. पाण्याचाच दिवस होता, त्यामुळं मी भिंतीपाशीच होते. पोराच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला, त्यानं तो तीनदा वाचला, मला दाखवला, काकांना दाखवला, आणि मग चावी दिली. तेवढ्यात अक्कांच्या सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. "थांबा," म्हणाल्या, आणि डॅशबोर्डवर चिकटवलेली तुळजाभवानीची छोटी तसबीर नखानं सोडवायला लागल्या. निघता निघेना. शेवटी त्या माणसानंच चाकूनं काढून दिली. म्हातारीनं ती पदराला पुसली आणि म्हणाली, "गाडी तुमची. देवी आमची हाय."

त्या माणसाला टोचनाचे पैसे वाचवायचे होते बहुतेक. मालकानं सांगितलं असेल, चालवतच आण. त्यानं पुढचं झाकण उघडलं, रेडिएटरमध्ये वाकून बघितलं, अंगणातून दोन बादल्या पाणी मागून घेतलं आणि ओतलं. खालून बारीक धार लागलीच. तो उभा राहिला, इकडंतिकडं बघितलं आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "मावशी, थोडी हळद मिळंल का?"

मी पाइप घट्ट धरला. पोरगं तोंड फिरवून उभं राहिलं. अक्का काही न बोलता आत गेल्या आणि वाटीभर हळद घेऊन आल्या.

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाल्यावर मी भिंतीवरून म्हटलं, "दिलीत की वो!"

"हळदच दिली," अक्का म्हणाल्या. "कुंकू न्हाई दिलं. परत यायला नको."